मधमाशीच्या अंगावरचं रसायन आणि जातीची ओळख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेर-मुरेना भागात माश्या पाहणारे, पेट्या ठेवणारे आणि एम.एस्सी.चे प्रकल्प करणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एका जागी ठेवले आहेत. लिहिणारा रसायनशास्त्राचा माणूस आहे. माशीच्या पंखांपेक्षा काचेच्या बाटलीबद्दल जास्त बोललं गेलं तर सांभाळून घ्या.

माशीच्या अंगावर रसायन असतं म्हणजे नक्की काय असतं?

घाम नव्हे, मध नव्हे, चिकटलेला परागही नव्हे. कीटकाच्या कवचावर सगळ्यात बाहेर मेणाचा एक थर असतो, मायक्रॉनपेक्षाही पातळ. त्यात मुख्यतः लांब साखळीचे हायड्रोकार्बन असतात, म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजन. शास्त्रज्ञ त्यांना क्यूटिक्युलर हायड्रोकार्बन म्हणतात. माश्यांमध्ये या साखळ्या साधारण २१ ते ३५ कार्बनच्या असतात. काही अगदी सरळ (अल्केन), काहींत एखादा दुहेरी बंध (अल्कीन), तर काहींना मध्येच मिथाइलची फांदी फुटलेली.

हे मेण माशी स्वतः तयार करते. पोटाच्या कवचाखाली ईनोसाइट नावाच्या पेशी असतात, तिथे मेदाम्लाची साखळी दोन-दोन कार्बनांनी वाढत जाते आणि शेवटच्या पायरीला एक कार्बन गळतो. म्हणून माशीच्या मेणात २३, २५, २७, २९ अशा विषम आकड्यांच्या साखळ्यांचं राज्य असतं आणि सम आकड्यांच्या अगदी थोड्या. हा विषमपणा लक्षात ठेवा, पुढे कामाला येतो. तयार झालेला माल लायपोफोरिन नावाचं प्रथिन रक्तद्रवातून वाहून नेतं आणि कवचाच्या पृष्ठभागावर पोहोचवतं.

माशीला याचा उपयोग काय? आपल्याला ओळख पटावी म्हणून तर नसेल ना!

नाही. पहिलं काम पाणी धरून ठेवण्याचं. एवढ्याशा जिवाला वजनाच्या मानाने पृष्ठभाग फार मोठा असतो, मेण नसेल तर माशी काही तासांत वाळून जाईल. मे महिन्यात ग्वाल्हेरात पारा ४५ च्या वर जातो आणि लू सुटते, तेव्हा आपण माठ आणि कैरीच्या पन्ह्याच्या भरवशावर असतो. माशी असते साखळीच्या लांबीच्या भरवशावर. २३ कार्बनचं शुद्ध अल्केन साधारण ४८ अंशांना वितळतं, २९ कार्बनचं जवळपास ६४ अंशांना. दुहेरी बंध किंवा फांदी आली की वितळणबिंदू बराच खाली येतो. थर वितळला की पाणी झिरपायला लागतं, तेव्हा कोरड्या आणि उष्ण हवेत लांब, सरळ साखळ्या फायद्याच्या. पण सगळंच घट्ट गोठलेलं मेणही चालत नाही, ते अंगावर नीट पसरत नाही. म्हणून मिश्रण.

दुसरं काम ओळखीचं. पोळ्याच्या तोंडाशी पहारा देणाऱ्या माश्या येणाऱ्या माशीला मिशांनी चाचपतात ते याचसाठी. नर-मादीच्या भेटीतही हे मेण बोलतं. युरोपात ऑफ्रिस नावाची ऑर्किडं आहेत. त्यातलं ऑफ्रिस स्फेगोडीस हे फूल अँड्रिना नायग्रोएनिया या माशीच्या मादीच्या अंगावरचे अल्केन-अल्कीन जवळजवळ त्याच प्रमाणात तयार करतं. नर फसतो, फुलाशी झोंबतो आणि पराग घेऊन पुढच्या फुलावर पुन्हा फसायला जातो. १९९९ साली 'नेचर'मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. नर ज्या मिश्रणावर इतका विश्वास टाकतो, ते जातीची ओळख म्हणून आपणही वापरून पाहावं, या कल्पनेला यापेक्षा मोठा आधार नको.

प्रत्येक जातीचं मेण वेगळं कसं? रसायनं तर तीच ना?

रसायनं बरीचशी तीच, प्रमाण वेगळं. चार घरी गोडा मसाला त्याच धणे-दगडफुलाचा होतो, पण डबा उघडला की कुणाच्या घरचा ते कळतं, तसंच हे. काही वेळा एखादं रसायन एका जातीत असतं आणि बहिणीसारख्या दुसऱ्या जातीत मुळीच नसतं, उदाहरणार्थ दुहेरी बंध नवव्या कार्बनवर की सातव्या. असा असतो-नसतो फरक मिळाला तर काम सोपं. नुसत्या प्रमाणाचा फरक असेल तर आकडेमोड आली, आणि आकडेमोड आली की घोळही आला. त्याबद्दल खाली.

ग्वाल्हेरच्या माश्यांना हे लागतं का? आम्ही तर नुसत्या डोळ्यांनी ओळखतो.

मधाच्या माश्यांना नाही लागत, आणि उगाच लावूही नये. किल्ल्याच्या कड्याला किंवा पाण्याच्या टाकीला उघडं एकच मोठं पोळं लटकलंय, तर ती आग्या. झुडपाच्या फांदीभोवती तळहाताएवढं एकच पोळं, तर फुलोरी. पेटीत किंवा ढोलीत समांतर पोळी असतील तर सातेरी किंवा मेलिफेरा, म्हणजे पेट्यांत पाळली जाणारी युरोपीय मधमाशी. मुरेन्याच्या सरसोंच्या शेतांकडेला हिवाळ्यात ज्या पेट्या रांगेने लागतात, त्या मेलिफेराच्या. एकटी माशी हातात आली आणि शंका वाटली तर मागच्या पंखाची शीर बघा. सातेरीत मधली शीर आडव्या शिरेच्या पुढेही थोडी बाहेर येते, मेलिफेरात सहसा येत नाही. दहापट भिंग पुरतं. यासाठी कुणी लाखोंचं यंत्र चालवायला निघालं तर त्याला थांबवा.

खरी अडचण बारीक माश्यांची. लॅसिओग्लॉसम, सेराटिना अशा वंशांतल्या काळ्या-हिरवट, तांदळाच्या दाण्याएवढ्या माश्या. त्यांच्या माद्या इतक्या सारख्या असतात की जाणकारही नर मिळाल्याशिवाय बोलत नाही. डंखहीन माश्यांचं, म्हणजे आपल्या पोयाचं, प्रकरण तर अजून गुंतलेलं. भारतात कितीतरी वर्षं सगळ्यांना सरसकट टेट्रागोनुला इरिडिपेनिस म्हणून मोकळं व्हायची पद्धत होती. नरांचे जननावयव नीट पाहायला सुरुवात झाली तेव्हा त्या एका नावाखालून अनेक जाती निघाल्या. २०१९ मध्ये केरळातूनही नव्या जातींचं वर्णन झालं. कामकरी माश्या सहज मिळतात, नर मिळत नाहीत. अशा ठिकाणी अंगावरच्या मेणाला विचारण्यात अर्थ आहे.

जगात कुठे याचा खरोखर उपयोग झाला?

सगळ्यात गाजलेला प्रसंग अमेरिकेतला. १९५६ मध्ये ब्राझीलमध्ये आफ्रिकेतून राण्या आणल्या गेल्या, पुढच्या वर्षी त्यातले काही थवे निसटले, आणि त्यांची युरोपीय मेलिफेराशी झालेली तापट संकरित प्रजा उत्तरेकडे सरकत गेली. दोन्ही एकाच जातीतल्या, दिसायला जवळपास सारख्या. १९८४ च्या सुमाराला अंगावरच्या हायड्रोकार्बनवरून त्या वेगळ्या काढण्याचे प्रयत्न प्रसिद्ध झाले. त्या वेळी डीएनए वाचणं आजच्याइतकं हातचं नव्हतं, हेही लक्षात घ्या.

युरोपात बॉम्बस ल्युकोरम आणि तिच्या बहिणी क्रिप्टारम व मॅग्नस, या भुंग्यांसारख्या केसाळ माश्यांच्या कामकरी रानात ओळखणं जवळजवळ अशक्य. तिथे नरांच्या डोक्यातल्या ओष्ठग्रंथीच्या स्रावाने गाठ सुटली. हा स्राव अंगावरच्या मेणापेक्षा वेगळा, पण यंत्र तेच, युक्ती तीच. मुंग्यांत तर पॅकिकॉन्डिला व्हिलोसा म्हणून ओळखली जाणारी मुंगी एक नाही हे कळायला अंगावरचे हायड्रोकार्बनही कारणीभूत झाले. २००२ मध्ये त्यावर काम आलं.

प्रत्यक्षात नमुना कसा घेतात? सविस्तर सांगा.

सांगतो, कारण नव्वद टक्के कामं इथेच बिघडतात.

माशी जाळीने पकडायची आणि थेट स्वच्छ काचेच्या कुपीत घालायची. प्लास्टिकची डबी नको. प्लास्टिक मऊ ठेवणारे थॅलेट हेक्झेनमध्ये, म्हणजे मेण विरघळवायला वापरतात त्या द्रवात, लगेच उतरतात आणि यंत्राच्या आलेखावर (यंत्राबद्दल खाली) ठसठशीत उमटतात. मास स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे रेणूच्या तुकड्यांच्या वजनांच्या नोंदीत, १४९ चा आकडा उंच दिसला की समजायचं, माशी नव्हे, डबी बोलतेय. झाकणाच्या आत टेफ्लॉनचा थर असावा, रबर नको. माशीला बोटांनी धरायचं नाही. माणसाच्या त्वचेवर स्क्वालीन असतं, ३० कार्बनचा हायड्रोकार्बनच तो, आणि त्याची रेघ नेमकी माशीच्या लांब साखळ्यांच्या गर्दीत येऊन बसते. एका विद्यार्थिनीच्या प्रकल्पात सगळ्या माद्यांच्या आलेखात एक 'खास' शिखर, म्हणजे एका द्रव्याचा उंचवटा, होतं आणि नरांत नव्हतं. शोधनिबंधाचं शीर्षकही ठरत आलं होतं. निघालं काय, तर माद्या डंख मारतील म्हणून त्या नीट दाबून धरल्या होत्या, नर तसेच कुपीत सोडले होते. चिमटा वापरा, आणि तो दर वेळी हेक्झेनने धुवा.

माशी मारायची ती फ्रीझरमध्ये ठेवून. इथिल ॲसिटेटची मारण-बाटली टाळा आणि अल्कोहोलमध्ये तर मुळीच टाकू नका, कारण मेणाचा काही भाग अल्कोहोलमध्ये निघून जातो. नंतर तो कितीही शोधला तरी परत अंगावर येत नाही.

मग अंघोळ. माशीच्या आकाराप्रमाणे दोनशे मायक्रोलिटर ते एक मिलिलिटर शुद्ध हेक्झेन, त्यात माशी काही मिनिटं. हेक्झेन ओतल्याबरोबर केस अंगाला चिकटतात, माशी एकदम निम्मी दिसायला लागते आणि आत अडकलेली हवा बारीक बुडबुड्यांनी वर येते. वेळ घड्याळ लावून पाळायची, सगळ्या माश्यांना एकसारखी. जास्त वेळ ठेवली की आतली चरबीही बाहेर यायला लागते. माशी काढायची आणि जपून टाचणीवर लावायची, फेकायची नाही. कुपीवरचा क्रमांक आणि टाचणीवरचा क्रमांक एकच हवा. पुढे कुणी म्हणालं की ही जातच ती नव्हे, तर दाखवायला माशी हातात हवी.

आणि एक कुपी नुसत्या हेक्झेनची, माशीशिवाय, त्याच दिवशी त्याच हाताने केलेली. ती नसेल तर मी आलेख बघत नाही.

सरसोंच्या दिवसांत गोळा केलेल्या माश्या चालतील का?

चालतील, पण परागाने माखलेल्या नकोत. वनस्पतींच्या अंगावरही मेण असतं आणि त्यातही विषम साखळ्यांचे अल्केन असतात. मोहरीच्या कुळातल्या झाडांच्या मेणात तर २९ कार्बनचं नोनाकोसेन भरपूर, तेच जे माशीतही असतं. पायांना पिवळे गोळे लागलेली माशी बुडवलीत तर अर्धी माशी आणि अर्धं शेत मोजाल. सकाळी लवकर, पोळ्यातून बाहेर पडणाऱ्या माश्या घ्या, किंवा मागचे पाय वेगळे करून मगच बुडवा. जे कराल ते सगळ्या नमुन्यांना सारखं करा.

यंत्र काय करतं?

जीसी-एमएस, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफला जोडलेला मास स्पेक्ट्रोमीटर. हेक्झेनचा एक मायक्रोलिटर सुईने आत जातो, वाफ होते, आणि हेलियमच्या प्रवाहाबरोबर साधारण तीस मीटर लांबीच्या, केसासारख्या बारीक नळीतून निघतो. भट्टीचं तापमान हळूहळू तीनशे अंशांच्या आसपास नेतात. लहान साखळ्या आधी बाहेर पडतात, लांब साखळ्या नंतर. एका माशीला साधारण पाऊण तास. बाहेर आलेला प्रत्येक रेणू फोडून त्याच्या तुकड्यांची वजनं नोंदली जातात. हायड्रोकार्बनची खूण म्हणजे ५७, ७१, ८५ अशी चौदा-चौदाने वाढणारी रांग.

आलेख कसा वाचायचा? सगळी शिखरं सारखीच दिसतात.

नुसत्या मास स्पेक्ट्रमवर जाऊ नका. २७ आणि २९ कार्बनच्या सरळ साखळ्यांचे तुकडे जवळजवळ एकसारखे पडतात, आणि संगणकाची लायब्ररी बिनदिक्कत चुकीचं नाव छापते. आधी सरळ अल्केनांचं तयार मिश्रण त्याच पद्धतीने चालवा. त्यात २३ कार्बनला २३००, २५ ला २५०० असे निर्देशांक द्या आणि माशीतल्या प्रत्येक शिखराची जागा त्या मापात मोजा. साध्या अध्रुवी नळीवर अल्कीन आपल्याच लांबीच्या अल्केनच्या जरासं आधी येतं. फांदीवाले त्या-त्या ठरलेल्या जागी येतात, उदाहरणार्थ तिसऱ्या कार्बनवर मिथाइल असलेलं साधारण ७३-७५ ने पुढे.

दुहेरी बंध नेमका कुठे आहे हे मात्र असं कळत नाही. त्यासाठी अर्काला आयोडीनच्या साथीने डायमिथाइल डायसल्फाइड लावून ठेवतात. दुहेरी बंधाच्या दोन्ही टोकांना गंधक चिकटतं, रेणू बरोबर तिथेच तुटतो, आणि दोन तुकड्यांच्या वजनांवरून जागा सापडते. वास भयंकर येतो, फ्यूम हूड (वाफा बाहेर ओढणारं कपाट) नसेल तर सगळा मजला तुमच्या नावाने ओरडेल. पण जवळच्या जातींत बरेचदा फरक याच जागेत लपलेला असतो, म्हणून ही पायरी टाळू नये असं माझं ठाम मत.

एकाच पोळ्यातल्या दोन माश्यांचं मेण वेगळं निघालं. मग जात कशी ठरणार?

हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे. मेणावर जातीची छाप असते, पण ती एकटीची नसते.

वय घ्या. कोषातून नुकत्याच बाहेर आलेल्या मधमाशीच्या अंगावर फार थोडी मेणखूण असते, म्हणून तिला परक्या पोळ्यातही सहसा कुणी हटकत नाही. पेटीवाले नवजात माश्या एका वसाहतीतून दुसरीत देतात ते यामुळेच जमतं. पुढे तीच माशी आधी आत पिल्लांना भरवते, नंतर बाहेर चरायला जाते, आणि या बदलाबरोबर तिचं मेणही बदलतं. म्हणजे एका जातीच्या धात्री माश्या आणि दुसऱ्या जातीच्या चरणाऱ्या माश्या घेतल्यात तर फरक मिळेलच, पण तो जातीचा की कामाचा, देव जाणे. नर-मादीचं मेण वेगळं. राणीचं वेगळं.

घर घ्या. मेलिफेरात पोळ्याच्या मेणाचा वास माश्यांच्या अंगाला लागतो आणि आपलं-परकं ठरवण्यात त्याचा हात असतो. फ्रेमा इकडच्या तिकडे केल्या की हा हिशोबही हलतो.

आणि झाडं घ्या, विशेषतः पोयांच्या बाबतीत. या माश्या घर बांधायला झाडांचा डिंक-राळ गोळा करतात, आणि बोर्निओतल्या डंखहीन माश्यांच्या अंगावर राळेतली टर्पीनं चक्क त्यांच्या स्वतःच्या मेणाबरोबर सापडली. ऑस्ट्रेलियात कॉरिंबिया टोरेलियाना या झाडाच्या राळेतली द्रव्यं अशीच माश्यांच्या अंगावर उमटलेली दिसली. तिथल्या टेट्रागोनुला कार्बोनेरिया आणि हॉकिंग्सी या दोन जाती बाहेरून ओळखू येत नाहीत, घर उघडलं की कळतात: एकीचा पिल्लांचा मजला चक्राकार चढत जातो, दुसरीचा पायऱ्या-पायऱ्यांचा. पण अंगावरचा आलेख नुसता वाचलात तर जातीच्या आधी परिसरातलं झाडच दिसायचं. आपल्याकडे सालई, बाभूळ, कडुनिंब असा परिसर आणि दुसरीकडे वेगळा, तर तुलना करताना राळेची शिखरं बाजूला काढून केवळ हायड्रोकार्बनवर बोला. ती माशीने स्वतः केलेली असतात.

शेवटी भामटे. व्हरोआ हा परोपजीवी कोळी पेटीतल्या माशीच्या मेणाची नक्कल अंगावर चढवतो, सातेरीत गेला तर सातेरीसारखा, मेलिफेरात गेला तर मेलिफेरासारखा. म्हणजे मेण उसनंही घेता येतं.

मग किती माश्या लागतात?

एका जातीची एक माशी म्हणजे काहीच नाही. एका पोळ्यातल्या तीस माश्या म्हणजेही एकच पोळं. वेगवेगळ्या पोळ्यांतून, शक्यतो वेगवेगळ्या गावांतून, एकाच वयोगटाच्या किंवा एकाच कामावरच्या माश्या हव्यात. आणि दोन्ही जाती एकाच परिसरात मिळाल्या तर सोन्याहून पिवळं, कारण हवा आणि झाडं दोघींनाही तीच.

आकडेमोडीबद्दल एकच इशारा. शिखरांची बेरीज शंभर टक्के करून बसलात की एक वाढलं की बाकीची आपोआप घटलेली दिसतात. म्हणून आधी गुणोत्तरांचं लॉगॅरिदम घ्या. आणि डिस्क्रिमिनंट विश्लेषणाचे, म्हणजे गट वेगळे पाडणाऱ्या गणिताचे, सुंदर वेगळे-वेगळे गोळे पाहून हुरळून जाऊ नका. शिखरं चाळीस आणि माश्या वीस असतील तर ते कुठलेही दोन गट वेगळे करून दाखवेल, तुम्ही नाणं उडवून केलेले गटसुद्धा. काही माश्या बाजूला ठेवा आणि त्यांची जात मेणावरून ओळखता येते का ते पाहा. तेवढी एक परीक्षा पास झाली की पुढचं बोलू.

डीएनए बारकोडिंग असताना हा खटाटोप कशाला?

रास्त प्रश्न. २००३ पासून मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा प्राण्यांच्या ओळखीसाठी वापरला जातो आणि बहुतेक वेळा तो पुरतो. दोनपैकी एकच करायची ऐपत असेल तर मी बारकोड करा म्हणेन. पण तो तुकडा फक्त आईकडून येतो. नुकत्याच वेगळ्या झालेल्या जातींत तो सारखा असू शकतो, पूर्वी संकर झाला असेल तर दुसऱ्याच जातीचा निघू शकतो, आणि व्होलबाकिया हा जीवाणू त्याची वाटणी विस्कटून टाकू शकतो. मेण मात्र जोडीदार निवडण्याशी बांधलेलं असल्यामुळे कधीकधी जनुकांच्या सरासरी वेगापेक्षा लवकर बदलतं. शरीराचा बांधा, डीएनए आणि मेण या तिन्हींचं एकमत झालं तर प्रश्नच मिटला. मतभेद झाला, तर खरी गंमत तिथे आहे.

कॉलेजच्या संग्रहातल्या जुन्या, टाचणीवरच्या माश्या चालतात?

सुकवलेल्या असतील तर बरेचदा चालतात. गांधीलमाशीच्या कुळातल्या व्हेस्पा क्राब्रोवर केलेल्या कामात वीस वर्षांपर्यंतच्या मृत नमुन्यांचे हायड्रोकार्बन टिकून असल्याचं २००९ मध्ये दाखवलं गेलं. हे रेणू सहज उडूनही जात नाहीत आणि कुजतही नाहीत. डांबरगोळ्या आणि बुरशीनाशकं मात्र आलेखात येणार, ती ओळखून वगळा. अल्कोहोलमधले नमुने सोडून द्या.

माशी न मारता करता येईल का?

येतं. एसपीएमई नावाचा बारीक लेपित धागा माशीच्या पाठीवर हलके घासायचा आणि तोच थेट यंत्रात घालायचा. आकडे तितके भरवशाचे नसतात, पण राणी किंवा दुर्मीळ एकांडी मादी असेल तर हाच रस्ता धरा.

ग्वाल्हेरात हे कुठे होईल?

आपल्या गावाचं या विषयाशी नातं आहे, फक्त ते माशीऐवजी डासाचं आहे. इथल्या डीआरडीईमधल्या, म्हणजे संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी २००० साली 'करंट सायन्स'मध्ये दाखवलं की एडिस इजिप्ती डासाच्या अळ्यांकडून येणारं हेनायकोसेन, म्हणजे २१ कार्बनचं साधं सरळ अल्केन, अंडी घालायला आलेल्या मादीला ओढून घेतं. त्याला अळ्यांची वाढ रोखणाऱ्या द्रव्याची जोड देऊन डेंग्यूच्या डासांसाठी सापळा करण्याचं कामही तिथेच झालं. अंगावरच्या मेणाचं पत्र वाचून उत्तर लिहिण्याचं इतकं चोख उदाहरण आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागापासून दोन कोसांत झालंय, हे इथल्याच पुष्कळांना ठाऊक नसतं.

अर्थात ती संरक्षण खात्याची प्रयोगशाळा, कुपी घेऊन फाटकाशी जाऊन उपयोग नाही. विद्यार्थ्यांनी आपल्या मार्गदर्शकांमार्फत विद्यापीठाच्या उपकरण विभागात विचारावं, किंवा केंद्र सरकारच्या सैफ (प्रगत विश्लेषण उपकरणांच्या) केंद्रांपैकी एकाकडे, मुंबईचं आयआयटी किंवा लखनऊचं सीडीआरआय, नमुने पाठवावेत. पाठवताना हेक्झेन भरलेली कुपी कुरिअरवाला घेणार नाही, आणि घेऊ नयेच. नायट्रोजनच्या हलक्या झोताखाली हेक्झेन उडवून टाका. हायड्रोकार्बन काचेवर राहतात. कोरडी कुपी पाठवा, तिथे ते पुन्हा विरघळवतील. अर्जात स्पष्ट लिहा की अध्रुवी नळी हवी आणि भट्टी तीनशेच्या वर न्यायची आहे. नाहीतर २७ कार्बनपर्यंतच आलेख येतो आणि निम्मी माशी नळीतच राहते.

घरी काही करता येईल का?

हेक्झेन घरी नको. एक तर भडका उडतो, दुसरं म्हणजे सतत श्वासात गेल्यास तो हातापायांच्या नसा बाद करतो. घरी करायचं काम आहे आणि ते महत्त्वाचं आहे: जागा, तारीख, कोणत्या फुलावर, घराचा फोटो, मागच्या पंखाचा फोटो. हे नसेल तर आमच्या कुपीला काही अर्थ नाही.

मोबाइलच्या ॲपने फोटोवरून जात कळते की!

वंशापर्यंत कळते, कधी तेही नाही. बारीक माश्यांत ॲपने दिलेलं जातीचं नाव अंदाज समजा.

याच यंत्राने मधाची भेसळ पकडता येते का?

मधाची नाही, त्याच्या साखरेच्या तपासण्या वेगळ्या. पोळ्याच्या मेणाची मात्र छान पकडता येते. वर सांगितलेला विषमपणा आठवा: मधमाशीच्या मेणात विषम साखळ्या जास्त. खनिज तेलातून आलेल्या पॅराफिनमध्ये सम आणि विषम शेजारी-शेजारी जवळजवळ सारख्या उंचीच्या. बाजारातल्या 'शुद्ध' मेणाच्या पाटीत २६, २८, ३० ची शिखरं उठून दिसली की व्यापाऱ्याला विचारायला हरकत नाही. पेट्यांसाठी मेणपत्रे विकत घेणाऱ्यांनी हे एकदा जरूर करून घ्यावं.

आमच्या पोयांचं मेण कुणाशीच जुळत नाही. नवी जात सापडली असं जाहीर करावं का?

थांबा. आधी नुसत्या हेक्झेनची कुपी बघा, मग राळेची शिखरं काढा, मग दुसऱ्या वसाहतीतून पुन्हा नमुने घ्या. तरी फरक टिकला तर त्याच घरातले नर मिळेपर्यंत वाट पाहा आणि बारकोड करून घ्या. नुसत्या आलेखावर जात उभी करणं मला पटत नाही. उद्या शेतात उभा असलेला माणूस ती ओळखणार कशी?

इतकं होऊनही वेगळेपण उरलं, तर प्राणिशास्त्रीय नामकरणाच्या नियमांप्रमाणे वर्णन आणि एक नमुना 'प्रकार' (टाइप, त्या नावाचा आधार-नमुना) म्हणून ठरवून तो संस्थेत ठेवावा लागतो. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणेही नव्या जातीची नोंद देऊन नमुने नेमून दिलेल्या भांडारात जमा करावे लागतात. प्राण्यांसाठी ते काम भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षण करतं आणि मध्य प्रदेशासाठी त्यांचं प्रादेशिक केंद्र जबलपूरला आहे. परदेशातल्या तज्ज्ञाला माशी पाठवायची झाली तर आधी परवानग्या तपासा, नंतर पाकीट बंद करा. आणि हेक्झेनमधून काढलेली ती माशी, क्रमांकासकट, जपून ठेवा. जबलपूरवाले पहिली तीच मागतील.